वणवा विझवण्याचं काम शिकायचंय? कोल्हापूरच्या पोरापोरींसाठी सुरुवातीची वाट

फेब्रुवारी लागला की राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या डोंगरांवर रात्री आगीच्या रेघा दिसायला लागतात. त्या दिवसांत बारावी झालेली, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलंमुली हमखास विचारतात, ‘आम्हाला हे काम करायचंय. शिकायचं कुठं? यात नोकरी असते का?’ नोकरी असते. शिकायच्या जागाही आहेत, त्यातली एक तर कोल्हापूरपासून दीड-दोन तासांवर आहे. पण ही माहिती एका जागी सापडत नाही, म्हणून क्रमानं मांडतो.

मोबाइलवर अमेरिका-ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून बरेचजण या कामाकडे वळतात. पिवळे शर्ट, हेल्मेट, विमानातून पडणारं लाल द्रावण. तिकडं वणव्यासाठी वेगळी पथकं असतात, त्यांचे वेगळे कोर्स असतात. आपल्याकडे ‘वणवा विझवणारा’ असं स्वतंत्र पदच नाही. सह्याद्रीत वणवा विझवतो तो वनरक्षक, त्याच्या सोबतचे वनमजूर, हंगामापुरते घेतलेले आग पहारेकरी आणि जवळच्या वाडीवरची माणसं. म्हणजे या क्षेत्रात यायचं तर वनखात्याच्या दारातूनच यावं लागतं, आणि वणवा हा त्या नोकरीतला वर्षातला चारेक महिन्यांचा भाग असतो. ज्याला जानेवारीच्या उन्हात दिवसभर गवत कापायचा कंटाळा येत नाही, तोच माणूस एप्रिलमध्ये उपयोगी पडतो, हे माझं ठाम मत आहे. ते पटत असेल तर पुढं वाचा.

पायरी पहिली : खातं समजून घ्या

शहरातलं अग्निशमन दल आणि वनखातं या दोन वेगळ्या वाटा आहेत. महापालिकेच्या दलात जायचं तर महाराष्ट्र राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा फायरमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, पुढं शिकायचं तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. इमारती, कारखाने, गॅसगळती, अपघात हे त्यांचं काम. बंब रस्त्यापर्यंत येतो. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारावर, किंवा कड्याखालच्या दांडावर, म्हणजे डोंगराच्या सोंडेवर, तो चढत नाही, तिथं पायीच जावं लागतं. त्यामुळं कुठली आग तुमची, हे आधी ठरवा.

वनखात्याची उतरंड अशी. सगळ्यांत खाली नियतक्षेत्र, ज्याला सगळे ‘बीट’ म्हणतात. त्याचा मालक वनरक्षक. काही बीट मिळून परिमंडळ, तिथं वनपाल. त्यावर परिक्षेत्र म्हणजे रेंज, तिथं वनक्षेत्रपाल, बोलीभाषेत ‘आरएफओ’. त्यावर सहाय्यक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक आणि मुख्य वनसंरक्षक. कोल्हापुरात आणखी एक भाग लक्षात ठेवा: प्रादेशिक वनविभाग वेगळा आणि वन्यजीव विभाग वेगळा. राधानगरी अभयारण्य वन्यजीव विभागाकडे येतं. दाजीपूरचं हे जंगल १९५८ साली गव्यांसाठी संरक्षित झालं, महाराष्ट्रातल्या सगळ्यांत जुन्या अभयारण्यांपैकी ते एक. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला त्यात राधानगरीचाही समावेश आहे. उत्तरेला चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोलीपासून राधानगरीमार्गे खाली तिलारीकडे जाणारा वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. मधला एखादा डोंगर जळला की हा मार्ग तेवढा तुटतो.

बीटवरच्या वनरक्षकाचं रोजचं काम विचाराल तर गस्त, तोडलेल्या झाडांची थुटं मोजणं, वनगुन्हा घडला की पीओआर (गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल) फाडणं, रोपवाटिका, लागवड, गव्यानं किंवा चंदगड-आजऱ्याकडे हत्तीनं पीक खाल्लं की पंचनामा, प्राणीगणना. हे सगळं करता करता वणवा. ज्यांना ‘जंगल व्यवस्थापन’ म्हणजे काहीतरी मोठं कार्यालयीन काम वाटतं, त्यांनी एखाद्या वनरक्षकाबरोबर एक दिवस चालून बघावं.

पायरी दुसरी : आपला डोंगर कसा जळतो ते शिका

हे शिकायला भरतीची वाट बघायला नको. परदेशातली पुस्तकं पाइनच्या जंगलाबद्दल, झाडाच्या शेंड्यांवरून पळणाऱ्या आगीबद्दल बोलतात. आपल्याकडची बहुतेक आग जमिनीवरची असते. गवत, पालापाचोळा, वाळलेली कारवी, रानमोडी, घाणेरी. पावसाळ्यात ज्या सड्यावर गुडघाभर हिरवं गवत आणि फुलं असतात, तोच सडा जानेवारी संपेपर्यंत वाळून कडकडीत होतो. जांभ्यावर माती पातळ, ओल टिकत नाही. त्यामानानं दाजीपूरच्या आतलं जांभूळ-अंजनाचं दाट सदाहरित रान सहज पेटत नाही, पण कडेनं दरवर्षी गवताची आग लागत राहिली तर कडेची रोपं मरतात आणि रान दरवर्षी थोडं आत सरकतं. नुकसान सगळ्यात जास्त तिथं होतं आणि ते लांबून दिसत नाही.

आग तीन गोष्टींवर चालते: जळण, हवामान आणि चढ. त्यातला चढ नवख्यांना कळत नाही. ढाळ साधारण दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा अभ्यासकांचा ढोबळ नियम आहे. वीस अंशांचा चढ म्हणजे चौपट. सह्याद्रीच्या गवताळ दांडावर वीस अंश म्हणजे फार नाही. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभं राहून तिची वाट बघणं हा सगळ्यांत धोक्याचा प्रकार. ओढ्याच्या अरुंद घळीत तर धुराड्यासारखी ओढ तयार होते, तिथं आग खालून वर अक्षरशः उसळते.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. दिवसा ऊन तापलं की वारा दरीतून वर चढतो, रात्री थंड हवा वरून खाली उतरते. दुपारी साधारण बारा ते चार या वेळात हवेतली आर्द्रता सगळ्यात कमी, वारा सगळ्यात जास्त. पहाटे दंव पडतं, आग दबते. अनुभवी वनमजूर रात्री आणि पहाटे आग विझवणं पसंत करतात ते त्यामुळंच.

आता सराव. जानेवारीत मसाई पठारावर किंवा पन्हाळ्याच्या पायथ्याला जा आणि एका जागेवर बसून वहीत लिहा: गवत किती उंच, काडी वाकवली तर वाकते की कट्कन मोडते, वारा कुठून, चढ कुठल्या दिशेला, पाण्याची जागा कुठं, गाडीरस्ता कुठं. मग स्वतःला विचारा, आत्ता या वाटेवर कोणी बिडी टाकली तर आग कुठून कुठं जाईल आणि मी कुठून बाहेर पडेन. त्याच जागी मार्चमध्ये पुन्हा जा. काडी, वारा, धूळ सगळं बदललेलं असेल. हा अभ्यास कुठल्याच अकादमीत इतका चांगला होत नाही.

आग लावतं कोण, हेही अभ्यासातच धरा. आपल्या भागात वणवा जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागतो. काही ठिकाणी ‘जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं’ हा जुना समज. राखेनं पहिल्या पावसात कोंब हिरवेगार दिसतात हे खरं, पण बियाणं जळतं, पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून जाते आणि चांगल्या गवताच्या जागी निकृष्ट गवत येतं. काही ठिकाणी नाचणीच्या शेतासाठी तोडलेला पालापाचोळा जाळताना, काजूच्या बागेतला कचरा किंवा बांध जाळताना आग हाताबाहेर जाते. शिकारी, मध काढणारे, रस्त्याकडेला चूल मांडणारे पर्यटक हे वेगळेच. कारण कळल्याशिवाय उपाय कळत नाही. आपल्या गावाच्या शिवारात कुठल्या कारणानं आग लागते याची माहिती ज्या पोराकडे असते, त्याला आरएफओ लगेच ओळखायला लागतात.

पायरी तिसरी : अंग तयार करा

कोल्हापूरच्या पोरांना तालमीचा अभिमान असतो आणि तो खरा आहे. पण जोर-बैठकांची ताकद वेगळी आणि उन्हात चार-पाच तास चढउतार करत राहायची ताकद वेगळी. वनखात्याला दुसरी लागते. वनरक्षक भरतीत चालण्याची चाचणी असते: पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर, महिलांना ४ तासांत १६ किलोमीटर. पुरुषांचा हिशेब केला तर ताशी सव्वासहा किलोमीटर, न थांबता. सपाटीवर एक तास कुणीही चालेल. चौथ्या तासाला पायाला फोड आलेले असताना तोच वेग ठेवणं ही खरी परीक्षा.

सुरुवात रंकाळ्याच्या फेऱ्यांनी करा, विद्यापीठाच्या परिसरात धावा, पण महिनाभरानं चढावर या. कोल्हापूर ते जोतिबा साधारण अठरा-वीस किलोमीटर आहे आणि शेवटी चढ आहे. चैत्र यात्रेला हजारो माणसं हे अंतर पायी कापतात, तुम्ही पहाटे निघून घड्याळ लावून कापा. त्याच बुटांत चाला जे चाचणीत घालणार. आठवड्यातून एकदा पाठीवर वजन घ्या. अमेरिकेत वणव्याच्या पथकात जायला साधारण २० किलो वजन पाठीवर घेऊन पावणेपाच-पाच किलोमीटर ४५ मिनिटांत चालून दाखवावं लागतं, पळायचं नाही. इथं ती अट नाही, पण सराव म्हणून उत्तम आहे. पाठीवर पाण्यानं भरलेला पंप घेऊन दांड चढायची वेळ इथंही येतेच.

धावणं सोडू नका. चालण्याची चाचणी पात्रतेची, गुण मिळतात ते धावण्यावर.

पायरी चौथी : वनरक्षक भरती

बहुतेकांचा प्रवेश इथूनच होतो. २०२३ मध्ये वनविभागानं वनरक्षकांच्या २,१३८ पदांची भरती काढली होती, तिचा आराखडा सांगतो. अटी जाहिरातीगणिक बदलतात, म्हणून फॉर्म भरताना त्या वेळची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

शिक्षण : बारावी उत्तीर्ण, आणि बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यापैकी किमान एक विषय. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी चालते. कला शाखेच्या मुलांनो, भूगोल किंवा अर्थशास्त्र सोडताना हे ध्यानात ठेवा. अकरावीत घेतलेल्या एका निर्णयामुळं बाहेर पडलेली बरीच हुशार पोरं आहेत.

वय आणि अंगमाप : खुल्या प्रवर्गाला १८ ते २७ वर्षं, मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत. उंची पुरुषांना १६३ सेंटिमीटर, महिलांना १५० सेंटिमीटर. अनुसूचित जमातीसाठी ती कमी आहे. पुरुषांना छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त.

परीक्षा : संगणकावर १२० गुणांची, मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन. त्यात किमान ४५ टक्के मिळाले तरच पुढं. मग धावणं ८० गुणांचं, पुरुषांना ५ किलोमीटर, महिलांना ३ किलोमीटर. पगारश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये, त्यावर भत्ते.

महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. घरचे ‘पोरीनं जंगलात कशाला’ म्हणत असतील तर त्यांना जवळच्या रेंज ऑफिसात घेऊन जा. बीटवर काम करणाऱ्या वनरक्षक ताई तिथं भेटतील, त्यांच्याशीच बोलणं होऊ दे.

भरतीच्या नावाखाली ‘फॉर्मपासून ऑर्डरपर्यंत’ हमी देणाऱ्यांपासून लांब राहा. मैदानाचा सराव आणि गणित-मराठीची तयारी एवढंच कुणी शिकवू शकतं. यादी कुणाच्या खिशात नसते.

निवड झाल्यावर खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवतात. तिथं वनकायदा, सर्वेक्षण, रोपवाटिका, वन्यजीव, शस्त्र हाताळणी, कवायत असं बरंच असतं. वणव्याचं प्रत्यक्ष शिक्षण मात्र पहिल्या उन्हाळ्यात बीटवर, जुन्या वनमजुराच्या मागं चालताना होतं.

पायरी पाचवी : पदवीची वाट

अधिकारी म्हणून यायचं असेल तर दोन दरवाजे. वनक्षेत्रपाल आणि सहाय्यक वनसंरक्षक ही पदं एमपीएससीच्या महाराष्ट्र वनसेवेतून भरतात. त्यासाठी विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी अशा ठरावीक शाखांची पदवी लागते. भारतीय वनसेवेची परीक्षा यूपीएससी घेते, तिची पूर्वपरीक्षा नागरी सेवांबरोबर एकच असते, आणि प्रशिक्षण डेहराडूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत.

सुरुवातीला सांगितलेली जवळची जागा म्हणजे सांगली जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यातलं कुंडल. तिथल्या वन प्रबोधिनीत निवड झालेल्या वनक्षेत्रपालांचं दीड वर्षाचं प्रशिक्षण होतं. बाहेरून कुणी थेट जाऊन प्रवेश घ्यायची ती जागा नव्हे, आधी परीक्षा पास व्हावी लागते. चंद्रपूरलाही अशी मोठी वन अकादमी आहे.

आत्ता बारावीत असाल आणि जंगलाचंच शिक्षण हवं असेल तर वनशास्त्राची चार वर्षांची पदवी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आहे. प्रवेश सीईटीवरून. कोल्हापूर सोडायचं नसेल तर शिवाजी विद्यापीठाखालच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊनही एमपीएससीची वनसेवा देता येते. पदवी कुठलीही घ्या, गवतं ओळखायला शिका. झाडं ओळखणारे खूप असतात, पण वणव्याचं जळण गवत आहे आणि ते ओळखणारे फार कमी.

पायरी सहावी : नोकरीच्या आधी काम

भरती दरवर्षी निघत नाही. मधली दोन-तीन वर्षं वाया घालवू नका.

पहिली जागा म्हणजे रेंज ऑफिस. आगीच्या हंगामात रोजंदारीवर पहारेकरी घेतले जातात, बहुतेक वेळा त्याच गावचे, संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या (गावकरी आणि वनखातं यांची मिळून समिती) ओळखीचे. पैसे थोडे, काम हंगामापुरतं, आणि त्यावरून पुढं कायम होण्याची आशा धरू नका. पण एक उन्हाळा काढलात तर जे शिकाल ते कुठल्या पुस्तकात नाही. शहरात राहत असाल तर स्वयंसेवक म्हणून नाव द्या, आणि बोलावल्याशिवाय आगीकडे धावू नका.

दुसरी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचं ‘आपदा मित्र’ प्रशिक्षण. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कोल्हापुरात याचं महत्त्व सगळ्यांना कळलं. त्यात प्रथमोपचार, शोध-बचाव, आग हे मूलभूत विषय येतात. जखमी माणूस डोंगरावरून खाली कसा आणायचा हे ज्याला येतं तो कुठल्याही पथकात हवाच असतो.

तिसरी गोष्ट घरबसल्या. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून सापडलेल्या आगींचे इशारे पाठवते, तिच्या वन अग्नी संकेतस्थळावर नाव नोंदवून आपल्या जिल्ह्याचे इशारे मोबाइलवर घेता येतात. नासाचा आगींचा नकाशाही सगळ्यांना खुला आहे. व्हिअर्स नावाचा संवेदक ३७५ मीटरच्या चौकटीत आग पकडतो, जुना मोडिस एक किलोमीटरच्या. रोजचे इशारे नकाशावर टाकत गेलात की महिनाभरात दिसतं की आग त्याच त्या चार-पाच जागांहून सुरू होते. मात्र उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो, छोटी आग त्याला दिसत नाही, आणि नासाच्या नकाशावर पेटवलेलं उसाचं पाचटही लाल ठिपका म्हणून येतं. ठिपका बघून खात्री करायची, लगेच गोंधळ घालायचा नाही. प्रत्यक्ष आग दिसली तर वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ पाठ असू द्या.

पायरी सातवी : जाळरेषा

वणव्याचं निम्मं काम आग लागण्याच्या आधी होतं, ते म्हणजे जाळरेषा. जंगलाच्या हद्दीवर, रस्त्याकडेनं, आणि आत ठरलेल्या रेषांवर गवत काढून मोकळी पट्टी ठेवायची, म्हणजे आग आली तरी तिथं जळण संपतं. पट्टी किती रुंद, हे जागेवर आणि रेषेच्या महत्त्वावर ठरतं.

पावसाळ्यानंतर गवत पिवळं पडायला लागलं की पट्टीच्या दोन्ही कडांनी गवत कापतात. कापलेलं गवत पट्टीच्या आत टाकायचं, बाहेर कधीच नाही. नवखा माणूस नेमकं उलटं करतो, कारण बाहेर टाकणं सोपं जातं. ते वाळलं की पहाटे किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना, वनरक्षकाच्या देखरेखीखाली मधला भाग जाळतात. उतारावर असेल तर वरच्या टोकाकडून सुरुवात करतात, म्हणजे आग हळूहळू खाली सरकते. दोन्ही कडांना माणसं डहाळे घेऊन उभी, एकही ठिणगी पलीकडं जाऊ द्यायची नाही. जाळून झालं की काम संपत नाही. गव्याचं वाळलेलं शेण आणि जुने बुंधे तासन् तास धुमसत राहतात, वरून काळं दिसतं, आत निखारा असतो. प्रत्येक शेणाची गोवरी फोडून बघायची, हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब तपासायची.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि साफ केलेली रेषा पुन्हा पाचोळ्यानं भरते. ती पुन्हा झाडली नाही तर डिसेंबरची सगळी मेहनत फुकट. म्हणून हंगामात ब्लोअर (हवेच्या झोतानं पाचोळा उडवणारं यंत्र) किंवा झाडू घेऊन त्याच रेषेवर परत परत जावं लागतं.

आग लावायचा हक्क फक्त खात्याला, हे पक्कं लक्षात ठेवा. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० लागतं. ‘मी जाळरेषा काढत होतो’ हा बचाव चालत नाही. त्याच वन अधिनियमाच्या कलम ७९ नुसार जंगलावर हक्क-सवलती असलेल्या लोकांवर आग विझवायला मदत करण्याचं बंधनही आहे, गावात बोलताना हे माहीत असावं.

पायरी आठवी : आग समोर असताना

हा भाग घाईत वाचू नका. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या गवताळ डोंगरात वीसहून जास्त ट्रेकर वणव्यात गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याच राज्यात नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी मजूर गेले. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडच्या बिनसरमध्ये चार वनकर्मचारी जागीच गेले. यातले बरेच काम माहीत असलेले लोक होते.

जगभरातली पथकं चार गोष्टी ठरल्याशिवाय आगीला हात लावत नाहीत. पहारा: एक माणूस उंचावर, त्याचं काम फक्त आगीकडे आणि वाऱ्याकडे बघणं. संपर्क: प्रत्येकाला दुसऱ्याचा आवाज किंवा वॉकीटॉकी पोचते की नाही, घाटात मोबाइलला रेंज नसते, त्यावर विसंबू नका. सुटकेच्या वाटा: किमान दोन, आणि त्या चढावरून जाणाऱ्या नसाव्यात. सुरक्षित जागा: आधीच जळून गेलेला काळा भाग, नांगरलेलं शेत, उघडा कातळ. चारपैकी एक नसेल तर मागं फिरायचं, आणि तसं बोलायला लाजायचं नाही.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, जाड. नायलॉनचा ट्रॅकसूट कातडीला वितळून चिकटतो, भरतीच्या सरावाचे कपडे आगीवर घालून जाऊ नका. पायात चामड्याचे बूट, डोक्याला हेल्मेट, डोळ्याला गॉगल. तोंडावर ओलं फडकं बांधायची आपल्याकडे सवय आहे. धुरात बरं वाटतं, पण मोठ्या आगीजवळ ओल्या फडक्यातून गरम वाफ श्वासात जाऊ शकते, कोरडं सुती फडकं बरं. पाणी भरपूर, ओआरएसच्या पुड्या खिशात.

आता हातातलं काम. आगीला तोंड असतं, दोन बाजू असतात, शेपूट असतं. वारा किंवा चढ जिकडं ढकलतो ते तोंड. सुरुवात शेपटीकडून करायची आणि बाजूबाजूनं तोंडाकडे सरकायचं, पाय शक्यतो जळलेल्या काळ्या भागात ठेवून. ज्वाळा साधारण चार फुटांपेक्षा उंच असतील तर हातानं विझवायच्या नादाला लागू नका. ऐन किंवा जांभळीचा पानांनी भरलेला हिरवा डहाळा घ्या. तो डोक्यावरून उचलून आपटला की ठिणग्या उडतात आणि मागं नवी आग लागते. खांद्याच्या खालून दाबायचा आणि जळलेल्या बाजूला ओढायचा. दाबणं-ओढणं, दाबणं-ओढणं, या लयीत माणूस तासभर टिकतो. आपटत राहिला तर दहा मिनिटांत दमतो. दोन माणसांत दहा फूट अंतर असू द्या, कोयते-कुऱ्हाडी हातात असतात.

ब्लोअर असेल तर तो पुढं, पाचोळा आणि ज्वाळा जळलेल्या बाजूला ढकलत, आणि मागं डहाळेवाले. त्यात पेट्रोल भरताना आगीपासून लांब जायचं, इंजिन थंड होऊ द्यायचं. आग समोर वाढत असताना हा नियम सगळ्यात आधी मोडला जातो. पाठीवरचा पंप मुख्य आगीपेक्षा बुंधे विझवायला जास्त कामाला येतो. उतारावर वरून जळते ओंडके आणि दगड घरंगळत येतात, त्यामुळं एकाच्या बरोबर खाली दुसऱ्यानं काम करू नये. आगीपुढं पळणारा गवा समोर आला तर त्याची वाट सोडा.

समोरून उलटी आग लावून वणवा थांबवण्याची पद्धत तुम्हाला जुन्या माणसांकडून ऐकायला मिळेल. ती खरी आहे आणि प्रभावी आहे. पण तिचा निर्णय जागेवरच्या वनाधिकाऱ्याचा, आणि तोही पलीकडं कुणी माणूस नाही याची खात्री झाल्यावर. पहिल्या दोन-तीन हंगामांत नुसतं बघा.

आग विझली की लगेच घरी जायची घाई असते. पूर्ण कडेनं पुन्हा एक फेरी मारा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटायच्या आत अजून एक.

कुठल्या महिन्यात काय

जून ते सप्टेंबर अभ्यास, धावणं आणि गवतं-झाडं ओळखणं; पावसाळ्यात लागवडीला रेंजला हात हवेच असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रेंज ऑफिसात जाऊन नाव द्या, कारण फेब्रुवारीत आग लागल्यावर गेलात तर माणसं ठरलेली असतात. डिसेंबर-जानेवारी जाळरेषा. जानेवारीतच आपल्या वाडीवर, गवताचे मालक आणि काजूवाले यांच्याशी बोलून घ्या: बांध जाळायचा असेल तर वनरक्षकाला सांगून, सकाळी, माणसं आणि पाणी जवळ ठेवून. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत हंगाम.

ऑफिसात जाताना आधार कार्डाची प्रत, दोन फोटो, शिक्षणाचे कागद, रक्तगट आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेला कागद न्या. ‘काम द्या’ एवढंच म्हणण्यापेक्षा आमच्या गावाला कुठलं बीट लागतं, गेल्या हंगामात आग कुठून सुरू झाली, यंदा जाळरेषा कधी काढणार, हे तीन प्रश्न विचारा. सकाळी लवकर पोचा, ऊन चढलं की सगळे फिरतीवर निघून जातात.